छत्तीस पॉइंट चार टक्के

मी जाड आहे हे मला यंत्राने सांगायची गरज नव्हती. घरात आरसा आहे आणि नवरा शिंपी आहे. दर दोन वर्षांनी माझ्या कामाच्या पॅंटची कंबर अर्धा इंच सैल करताना तो तोंडातल्या टाचण्यांसकट गालातल्या गालात हसतो, तेवढं मला पुरतं. पण जाड असणं वेगळं आणि क्रेनवर चढायला नालायक असणं वेगळं. हे दुसरं मला कागदावर लिहून मिळालं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

अठरा वर्षं मी टॉवर क्रेन चालवते. वर जायला लिफ्ट नाही, उभी शिडी आहे. दोनशे बारा दांडे. मला बारा मिनिटं लागतात आणि वर पोचल्यावर मी धापा टाकत नाही. केबिन म्हणजे एक काचेचं कपाट. खुर्ची, दोन हातात दोन दांडके, समोर उचललेल्या मालाचं वजन दाखवणारा पडदा, आणि पायाखालीही काच. खाली माणसं मुंग्यांएवढी. तिथे मी सात ते साडेचार बसते, डबा तिथेच खाते. सगळी साइट मला ‘वरच्या बाई’ म्हणते.

वर संडास मात्र नाही. म्हणून सकाळी साडेपाचला अर्धा कप चहा घ्यायचा आणि मग साडेचारला खाली पाय टेकेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. हे कुणी शिकवत नाही, पहिल्या आठवड्यात आपलं आपल्याला समजतं. पुरुषांचं एका रिकाम्या बाटलीवर भागतं म्हणतात, पण दुसऱ्या क्रेनवरचे काका तसले नाहीत. तेही पाणी पीत नाहीत. काकांचं वय चोपन्न, बोलणं मोजकं, आणि हात असा की काचेची तावदानं उचलली तरी आवाज येत नाही. क्रेन चालवायला मला त्यांनीच शिकवलं.

तर एक दिवस कंपनीचं फर्मान आलं. उंचीवर काम करणाऱ्यांच्या अंगात चरबी किती ते मोजायचं. बायकांना पस्तीस टक्क्यांपर्यंत माफ, पुरुषांना अठ्ठावीस. त्यापुढे गेलात तर उंचीवरच्या कामाला अपात्र, मग खाली स्टोअरमध्ये बसून हेल्मेटं मोजा. यंत्र सेफ्टी साहेबांच्या ऑफिसात आलं. पायाखाली दोन चकचकीत पत्रे, हातात धरायला दोन दांड्या. वय, उंची, बाई की पुरुष हे दाबायचं, वीस सेकंद गप्प उभं राहायचं, की चिठ्ठी बाहेर. सेफ्टी साहेब तसा वाईट माणूस नाही. पांढरं हेल्मेट, त्यावर एक ओरखडा नाही, आणि नियमावर इतका जीव की स्वतःच्या ऑफिसातही हेल्मेट घालून बसतो.

शिफ्ट सुटल्यावर आम्हाला बोलावलं. मी छत्तीस पॉइंट चार. काका एकोणतीस पॉइंट सात.

“बाई, दोन आठवडे आहेत,” साहेब म्हणाला. “कमी करून या. पुन्हा मोजू.”

आणि इथे आम्ही माती खाल्ली. दुसऱ्या कुणी खाल्ली नसती, आम्हीच खाऊ शकतो. आम्ही क्रेनवाले. पडद्यावर आकडा जास्त दिसला तर काय करायचं, हे आमच्या हाडात भिनलेलं आहे: भार उतरवायचा. चार विटा काढल्या की आकडा खाली येतो, यात दोन मतं नाहीत. मग मी आणि काका, दोघांनी मिळून ठरवलं की आपण भार उतरवू.

नवऱ्याने रेनकोटच्या कापडाची दोन जाकिटं शिवली. मनगटाला इलॅस्टिक, गळ्याला इलॅस्टिक, वारा म्हणून आत शिरणार नाही. ती घालून मी रोज संध्याकाळी घरामागच्या मैदानाला फेऱ्या मारायचे. घामाने आतून निथळायचे. शेजारीण गॅलरीतून विचारायची, “कुठल्या ग्रहावर निघालात?” मी उत्तर द्यायचे नाही, दम कुठे होता. जेवण निम्मं केलं. शेवटचे दोन दिवस तर संध्याकाळचं पाणीही बंद केलं. दोन आठवड्यांत माझं वजन तीन किलो उतरलं, काकांचं साडेतीन. काकांचे गाल बसले. ओठ फुटले होते दोघांचेही, पण मनात लाडू फुटत होते.

शुक्रवारी पुन्हा यंत्रावर उभी राहिले. एकोणचाळीस पॉइंट एक.

मी चिठ्ठी उलटी करून बघितली, मागे काही लिहिलंय का ते. काकांची आली बत्तीस. काका पत्र्यावरून उतरताना डगमगले आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. साहेबाने दोन कागद पुढे केले. ‘उंचीवरील कामास अपात्र. मान्य.’ खाली सहीची रेघ.

“काका, सही करू नका,” मी म्हणाले.

“बाई, यंत्र आहे ते,” काका म्हणाले. “त्याला आपल्याशी काय वैर धरायचंय?” आणि त्यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखं स्वच्छ. मग हेल्मेट काढून काखेत धरलं आणि बाहेर गेले. तीस वर्षं वर बसलेला माणूस, सोमवारपासून स्टोअरमध्ये. त्यांच्या जागी दुसरा ऑपरेटर मिळायला आठवडा लागणार होता, तोवर त्यांची क्रेन नुसती उभी.

मी सही केली नाही. सोमवार संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. घरी आले आणि रडले. कशाला खोटं बोलू, चांगली अर्धा तास रडले. मला खालचं काम येतच नाही. खाली मी एक जाडी बाई आहे. वर मी हात हलवला की चार टन सळई माझ्या मर्जीने जाते आणि जिथे ठेवायची तिथे बोटभर इकडे-तिकडे न होता बसते. ते सोडून मी हेल्मेटं मोजू?

नवरा मशीनवर बसून सगळं ऐकत होता. म्हणाला, “अगं, माप घेणाऱ्याने आधी बघावं माणूस उभा कसा आहे ते. मी टेप लावला की गिऱ्हाईक श्वास आत ओढतं. त्या मापाचं शिवलं तर पहिल्या घासाला बटण तुटेल. तुझ्या साहेबाने तुला कधी मोजलं?”

“सुटल्यावर. दोन्ही वेळा.”

“म्हणजे कशी होतीस तू?”

“वाळलेली,” मी म्हणाले.

शनिवारी नणंद आली. ती दवाखान्यात डायलिसिसच्या विभागात नर्स आहे, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि जिभेला हाड नाही. रेनकोटचं जाकीट खुंटीवर बघून तिने विचारलं हे काय. मी सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली आणि मग एकदम हसायची थांबली.

“वहिनी, असलं यंत्र आमच्याकडे पण आहे. आम्ही त्याने पाणी मोजतो.”

“पाणी?”

“पेशंटच्या अंगात पाणी किती साठलंय ते. अगं, ते तळपायातून हातापर्यंत बारीकसा करंट सोडतं. तुला कळतही नाही. पाण्यातून करंट पटकन जातो, चरबीतून जात नाही. करंट अडला की यंत्र समजतं, इथे चरबी आहे. ते चरबी बघत नाही, बघितलेलीच नाही त्याने. अडलेल्या करंटवरून अंदाज बांधतं, त्यात तुझं वय, उंची, बाई असणं मिसळतं आणि वर पॉइंट लावून चिठ्ठी देतं. आता तू दोन दिवस पाणी सोडून, घाम गाळून, कोरडी ठाक होऊन त्याच्यावर उभी राहिलीस. करंट अडणारच.”

मी कपाळावर हात मारला. आम्ही भार उतरवला होता खरा. चुकीचा उतरवला होता.

“मग आता दोन बाटल्या पाणी पिऊन उभी राहते.”

“तसलं काही करू नकोस. पोटातलं पाणी अंगात जायला वेळ लागतो, तोवर ते नुसतं वजनात धरलं जाईल. आज आणि उद्या दिवसभर माणसासारखी पाणी पी. सोमवारी सकाळी, कामाआधी उभी राहा.” मग तिने आवाज खाली आणला. “आणि चरबीचं सोड. संध्याकाळी लघवी कुठल्या रंगाची होते तुझी?”

मी सांगितलं.

“किती वर्षं?”

“अठरा.”

जाताना दारात ती म्हणाली, “माझ्या विभागात मला तुला कधी बघायचं नाहीये,” आणि चपला घालून गेली.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी साहेबाच्या ऑफिसात हजर. तो नुकताच कुलूप उघडत होता. म्हटलं, मोजा. वजन बहात्तर पॉइंट आठ, चरबी तेहतीस पॉइंट सहा.

साहेबाचा चेहरा उजळला. मी म्हटलं थांबा, चिठ्ठी जपून ठेवा, मी संध्याकाळी पुन्हा येते. मग वर गेले आणि रोजच्यासारखी थेंबभरही पाणी न पिता बसले. ऊन रणरणतं होतं, काचेतून आत येऊन डोक्यावर बसलं होतं. मी मनात म्हणत होते, आजचा दिवस शेवटचा. साडेचारला उतरले, तडक ऑफिसात. वजन एकाहत्तर पॉइंट नऊ, चरबी छत्तीस पॉइंट नऊ.

मी दोन्ही चिठ्ठ्या त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

“साहेब, तुमच्या यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे सकाळपासून माझं वजन किलोभर कमी झालं आणि चरबी दोन किलोने वाढली. मी डब्यातल्या दोन पोळ्या खाल्ल्यात. दोन किलो चरबी मी कुठून आणली, हवेतून?”

त्याने कॅल्क्युलेटर काढला. केलं गणित. पुन्हा केलं. “थोडा फरक पडतो यंत्रात,” म्हणाला.

“थोड्यानेच तर मी नालायक ठरले होते. एक पॉइंट चारने. काका एक पॉइंट सातने. तुमचा थोडा फरक तीनच्या वर आहे.”

“बाई, आकडा कंपनीच्या यंत्राचा आहे, माझा नाही.”

“माझ्या केबिनमध्येही आकडा दिसतो. पण मी रोज सकाळी सातला आधी तो दोन टनाचा काँक्रीटचा ठोकळा उचलते, पडद्यावर दोन आले तरच कामाला हात लावते. मागे एकदा दोन पॉइंट तीन आले तेव्हा क्रेन कुणी थांबवली होती? तुम्ही. माणूस येऊन दुरुस्त करेपर्यंत तुम्ही एक वीटसुद्धा उचलू दिली नाहीत, आणि बरोबरच केलंत. मग मला सांगा, या यंत्राचा ठोकळा कुठे आहे? ज्याची चरबी आधीच पक्की माहीत आहे असा कुठला माणूस तुम्ही सकाळी यावर उभा करता?”

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. यंत्राचं पुस्तक कुठे आहे म्हणून मी विचारलं. ते खोक्यात होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी फोडलेलीसुद्धा नाही. फोडली. चौथ्या पानावर लिहिलं होतं: श्रमाच्या कामानंतर मोजू नये. अंगात पाणी कमी असताना मोजू नये. दर वेळी एकाच वेळेला मोजावं. आणि खाली बारीक अक्षरात, आकडा हा अंदाज आहे. साहेब ते पान बराच वेळ वाचत राहिला. मला त्याची थोडी दया आली, पण थोडीच.

शेवटी तो म्हणाला, “बाई, आपण सकाळची चिठ्ठी धरू. तेहतीस पॉइंट सहा. तुमचं काम झालं. उद्यापासून निर्धास्त वर जा.”

“आणि काका?”

“त्यांनी सही केली आहे. ते मान्य आहे म्हणालेत. आता वरून परवानगी लागेल, चार लोकांना उत्तरं द्यावी लागतील.”

म्हणजे माझी जागा वाचली आणि काकांची गेली. त्याच यंत्राने, त्याच खोटेपणाने. मी घरी गेले आणि नवऱ्याला सांगितलं, मला उद्या मोठी बाटली भरून दे.

मंगळवारी स्लॅब ओतायचा होता. एकच क्रेन चालू, माझी. काँक्रीटचे ट्रक सकाळपासून लागलेले, मी बकेट उचलायची, फिरवायची, स्लॅबवर रिकामी करायची, परत. आणि प्रत्येक फेरीनंतर दोन घोट पाणी. काय सुख असतं ते मी विसरूनच गेले होते. पाणी गार नव्हतं, प्लॅस्टिकचा वास येत होता, तरी सुख.

दहा वाजता जे व्हायचं ते झालं. बकेट रिकामी करून जमिनीवर ठेवली, क्रेन नियमाप्रमाणे वाऱ्याबरोबर फिरायला मोकळी सोडली आणि वॉकीटॉकी उचलला.

“मी खाली येतेय.”

“काय बिघडलं?” खालच्या सिग्नलवाल्याने विचारलं.

“काही नाही. लघवीला.”

वॉकीटॉकी सगळ्यांकडे असतो. कुणीतरी खोकलं.

दोनशे बारा दांडे उतरून खाली आले तर साइटचे मोठे साहेब, सेफ्टी साहेब, सिग्नलवाला, सगळे शिडीशी उभे. मागे तीन ट्रक, ड्रम गरगर फिरतायत, आणि ड्रायव्हर खिडकीतून माना काढून बघतायत.

“बाई, डोकं ठिकाणावर आहे का?” मोठे साहेब म्हणाले. “जाऊन वर पोचेपर्यंत अर्धा तास. अर्धवट स्लॅब आहे वर. काँक्रीट काय तुमच्यासाठी ओलं राहणार आहे?”

“पुस्तकात लिहिलंय, पाणी प्यायलेलं असावं. विचारा यांना. मी प्यायले. आता ते बाहेर यायचंच. दीडला पुन्हा येईन.”

“रोज?”

“रोज. दोनदा.”

“आजवर कधी नाही आलात ते?”

“आजवर तुम्ही विचारलंही नाहीत, कशी बसते म्हणून.” माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. “मी जाऊन येईपर्यंत क्रेन चालवायला माणूस आहे तुमच्याकडे. स्टोअरमध्ये बसलाय. तीस वर्षं चालवतोय.”

मोठ्या साहेबांनी ट्रककडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि स्टोअरच्या दिशेने हाक मारली. काका बाहेर आले. हातात हेल्मेटांची यादी होती.

“काका, चढा वर. लवकर,” मोठे साहेब म्हणाले.

काका शिडीपर्यंत आले. एक हात दांड्यावर ठेवला आणि तिथेच उभे राहिले.

“मला चढता येत नाही,” ते शांतपणे म्हणाले. “मी अपात्र आहे. लेखी आहे. सही आहे माझी.”

मी काकांच्या तोंडाकडे बघतच राहिले. शुक्रवारी खाली मान घालून गेलेला माणूस तो हा नव्हता. किंवा हाच होता, आणि मीच तेव्हा नीट बघितलं नव्हतं.

“अहो, ते नंतर बघू,” मोठे साहेब म्हणाले. “आत्ता चढा.”

“नंतर कसं? आत्ता चढलो आणि पडलो तर? चरबी बत्तीस टक्के आहे.” काकांनी दांड्यावरचा हात काढून घेतला. “मी लायक असेन तर लायक आहे असं लिहा. नसेन तर मला स्टोअरमध्ये काम आहे.”

ट्रकचे ड्रम फिरत होते. मला आता खरंच धीर धरवत नव्हता, मी या पायावरून त्या पायावर होत होते, पण ते बघितल्याशिवाय हलणं शक्य नव्हतं. मोठे साहेब सेफ्टी साहेबावर खेकसले, “त्या यंत्राचा आकडा खरा आहे की नाही? एका शब्दात सांग.”

सेफ्टी साहेबाने माझ्याकडे बघितलं नाही, काकांकडे बघितलं. “नाही,” तो म्हणाला. “मला माहीत नाही सर, म्हणजे नाहीच.” आणि वळून ऑफिसकडे पळत गेला. पळताना त्याचं हेल्मेट पडलं, ते उचलायला तो थांबला नाही. कागद घेऊन आला. मोठ्या साहेबांनी ट्रकच्या बॉनेटवर ठेवून आडवी रेघ मारली, ‘रद्द, पात्र’ असं लिहिलं, सही केली. काकांनी तो कागद वाचला. सावकाश, दोनदा. घडी घालून वरच्या खिशात ठेवला, बटण लावलं, हेल्मेटांची यादी मोठ्या साहेबांच्या हातात दिली आणि शिडी चढायला लागले.

बाकी सगळे खालून बघत राहिले. काका मध्ये कुठेही थांबले नाहीत. सिग्नलवाला घड्याळ लावून बसला होता, अकरा मिनिटं लागली असं नंतर म्हणाला. मला ते बघायला थांबता आलं नाही. मी तोवर संडासात जाऊन आतून कडी लावली होती, आणि बाहेर क्रेन फिरायला लागली तेव्हा मी अजून आतच होते, कारण अठरा वर्षांत पहिल्यांदा मला घाई नव्हती.